डावरी गिटार, उजवा डबा

९ ऑगस्ट २०२०, रविवार

स्टेज फोर लॉकडाउनचा पहिला आठवडा संपला. पाच किलोमीटर, दिवसाला एक तास, खरेदीला घरटी एकच माणूस. नकाशावर क्रेगीबर्नच्या आमच्या घराभोवती वर्तुळ काढून बघितलं. आत दोन सुपरमार्केट, एक तळं, एक इंडियन ग्रोसरी. म्हातारा लेन राहतो ते पॉइंट कुक बाहेर, कुठल्या कुठे.

म्हणजे पांढरीचा, त्याच्या गिटारचा, मुक्काम वाढला.

जूनमध्ये जरा सगळं उघडलं होतं तेव्हा लेनने ती दिली. म्हणाला, "महिनाभर घरी ने, मेट. तुझं तिच्याशी जमतंय का बघ. मग बोलू." त्याची ही जुनी रीत. लेन डावऱ्या गिटारी विकत नाही, आधी नांदायला पाठवतो. अट एकच, जशी आहे तशी राहिली पाहिजे. सदुसष्ट सालची जपानी गिटार. लेनने विशीत दुकानात ऑर्डर देऊन मागवलेली, अकरा महिने वाट बघितल्यावर आलेली. मूळ रंग, मूळ खुंट्या, कडेला त्याच्याच सिगरेटचा मूळ डाग. डोक्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलंय, शेवटचा ओ तेवढा उरलाय. मी दुसरी अशी पाहिलेली नाही, फोटोतसुद्धा नाही.

सात वर्षं तिच्यामागे आहे. आता माझ्या खोलीत आहे आणि माझी नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

दातांची लॅब आठवड्यातून दोनच दिवस. फक्त तातडीचे दात. आज तीन क्राउन आणि एका आजोबांची मोडलेली कवळी. बाकी दिवस घरी. मृ. फार्मसीत असते, तिला सुट्टी कसली. रेवाची तिसरी टॅबवर चालू आहे.

आणि बाबा. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले, आई गेल्यावर पहिल्यांदाच घर सोडून. मग विमानंच बंद. चिंचवडच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे, व्हिसा वाढवून घेतलाय. चौतीस वर्षं टूलरूममध्ये लेथवर काढलेला माणूस, हाताला काम नाही. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. आज डिशवॉशरकडे बघत बसले होते. मृ.ने स्क्रू ड्रायव्हर लपवला.

१६ ऑगस्ट, रविवार

गिटारींची साफसफाई. सुती हातमोजे, मऊ फडकी, खोलीतला दमटपणा मोजायचं यंत्र. लोकांना सांगताना मी 'आवड आहे थोडी' म्हणतो. सहा डावऱ्या गिटारी आणि दमटपणाची वही असलेल्या माणसाला दुसरं काहीतरी म्हणत असणार.

बाबा दारात उभे. ह्या खोलीत सहसा येत नाहीत.

"सगळ्या डावऱ्या?"

"हो."

"मिळतात?"

"नाही मिळत. म्हणून तर."

शंभर उजव्या बनवायचे तेव्हा कुठे एखादी डावी. जुन्यातल्या तर कुणीतरी हट्टाने मागवल्या तेवढ्याच. प्रत्येकीमागे एक वाट बघणारा डावरा माणूस आहे. मला त्याचंच वेड आहे बहुधा. हे काही बाबांना बोललो नाही. मग त्यांनी पांढरीचा डबा उघडा बघितला.

"अरे, ही पालथी का ठेवलीस?"

सांगितलं. डबा उजव्या गिटारचा आहे. दुकानात डावऱ्या मापाचा नव्हताच, तेव्हा लेनला हाच दिला. डावी गिटार त्यात सुलटी बसत नाही, पालथी केली की बरोबर बसते. तारा आणि बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून लेनने खाली टॉवेलची घडी घातलीय.

"किती वर्षं?"

"त्रेपन्न."

"मापाचा डबा कोणी बनवला नाही?"

"कोण बनवणार, बाबा?"

त्यांनी डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि गेले. माझ्या हाताच्या विषयावर आमचं इतकं लांब बोलणं आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

१७ ऑगस्ट, सोमवार

कालचं डोक्यातून जात नाही. बाबा कधी ओरडले नाहीत, कधी हात बांधला नाही, फटका मारला नाही. फक्त माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढायचे आणि उजव्यात द्यायचे. चमचा, कात्री, ब्रश, सगळंच. एक शब्द न बोलता, दर वेळी. मी पाच वर्षांचा होईपर्यंत डावा हात आपोआप मागे राहायला लागला.

चोविसाव्या वर्षी इथे शेअर हाउसमध्ये कुणाची तरी गिटार उलटी धरली आणि डाव्या हाताने तारा छेडल्या. त्या हाताला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी त्याला येत होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो होतो. हे मृ.लाही सांगितलेलं नाही.

आणि एवढं असून वाजवत नाही. सहा-सहा गिटारी आणि मोजून पाच गाणी.

२९ ऑगस्ट, शनिवार

बाबांनी माझ्याकडून हार्डवेअरची क्लिक अँड कलेक्ट ऑर्डर करून घेतली. पातळ प्लायवूड, सरस, पितळी कड्या, बिजागऱ्या. "गराजमध्ये शेल्फ करतो." शेल्फला कड्या कशाला, हे विचारायला हवं होतं. पण करवतीचा आवाज ऐकून घरात सगळ्यांना इतकं बरं वाटलं की कोणी काही विचारलं नाही.

६ सप्टेंबर, रविवार

फादर्स डे. रेवाने दोन कार्डं केली, एक मला, एक आजोबांना. आजोबांच्या कार्डावर हातोडी. टीव्हीवर राज्याच्या प्रीमियरने पुढचा रोडमॅप सांगितला. पॉइंट कुक अजून दोन महिने तरी नाही.

लेनला फोन केला. खुब्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय, मुलीकडे राहतो, वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातो. आवाज बारीक झालाय. संधिवाताने त्याला तार दाबता येत नाही, चार वर्षं झाली.

"वाजवतोयस ना तिला?"

"हो तर. रोज."

फोन ठेवला आणि खोलीत जाऊन डबा बघितला. पांढरी पालथी, टॉवेलवर. आठवडाभर उघडलाच नव्हता. म्हाताऱ्याशी खोटं बोललो आणि तेही असल्या गोष्टीसाठी.

२० सप्टेंबर, रविवार

ऑनलाइन ग्रुपवर भांडलो. ब्रिस्बेनच्या एकाने सनबर्स्ट रंगाची डावी गिटार विकली. घेणाऱ्याला घरी आल्यावर कळलं की कडेचा टवका रंग लावून बेमालूम दडवलेला आहे. विकणारा म्हणतो, दिसत नाही ना, मग काय बिघडलं? मी लांबलचक लिहिलं. लपवून रंग लावणारा माणूस खोटारडा, त्याला ह्या छंदात जागा नाही वगैरे. एकशे चार लाइक्स. दिवसभर छाती फुगवून फिरत होतो.

१९ ऑक्टोबर, सोमवार

मर्यादा पंचवीस किलोमीटर झाली. पॉइंट कुक तरीही बाहेरच. रेवा आजोबांना घेऊन तळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आली. "आजोबा सेज द डक्स आर फॅट." आजोबा असं काही म्हणाले नव्हते, पण हसले.

गराजला आतून कडी. शेल्फ अजून चालूच.

२५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

सकाळपासूनचं क्रमाने लिहितो.

खंडेनवमी काल की आज, ह्यावर बाबांचा दोन दिवस घोळ चालला होता. शेवटी दोन्ही आज. त्यांच्या टूलरूममध्ये हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मशीन धुऊन पुसून, तेल देऊन, हार घालून, हळदकुंकू. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, त्याला विश्रांती. लहानपणी मी तिथले पेढे खाल्लेत.

सकाळी हॉलमध्ये स्वच्छ चादर घातली. बाबांचा मायक्रोमीटर, पुण्याहून मोज्यात गुंडाळून आणलेला. माझा लॅबमधला दात कोरायचा हँडपीस, रेवाचा टॅब, मृ.ची गोळ्या मोजायची थाळी. "तुझी गिटार?" बाबा म्हणाले. मी पांढरीचा डबा आणून ठेवला, बंद. वर एक झेंडू ठेवला. मला वाटलं, झालं. आंघोळीला गेलो.

आलो तेव्हा डबा उघडा. पांढरी बाहेर काढून टॉवेलवर सुलटी निजवलेली. वरच्या खांद्यावर, सगळ्यात स्वच्छ पांढऱ्या जागी, हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. ओलं. नुसतं ओलं नाही, तेलात कालवलेलं. लोखंडाला धरावं म्हणून टूलरूममध्ये तसंच कालवतात.

"डब्याला काय कुंकू लावायचं?" बाबा खुशीत म्हणाले. "हत्याराला लावायचं असतं."

त्रेपन्न वर्षांच्या लॅकरला केसासारखे तडे असतात. मी धावत जाऊन पुसलं. आणि तीच चूक केली जी लॅबमध्ये नवशिक्यालाही करू देत नाही. डाग टिपायचा असतो, घासायचा नसतो. मी घासला. तेल, हळद, कुंकू, सगळं तड्यांत आत गेलं. माझ्या हाताने.

मग मी ओरडलो. रेवासमोर. "माझ्या डाव्या हाताची एक, एक गोष्ट तुम्हाला धड राहू देता येत नाही का?"

रेवा मला म्हणाली, "बाबा, स्टॉप."

बाबांनी मायक्रोमीटर उचलला, मोज्यात घातला, आत गेले. रेवाने सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापली होती. ती टेबलावरच राहिली.

२६ ऑक्टोबर, सोमवार

आज नव्या केसेस शून्य. परवापासून दुकानं उघडणार. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत गेलं. बायका फुटपाथवर लांबून एकमेकींना हात करत होत्या. जुलैपासून एकशे अकरा दिवस ह्या बातमीची वाट बघितली आणि आज मी खोलीत दिवा धरून डाग बघत बसलोय. नाण्याएवढा पिवळा, त्यात तीन गुलाबी रेघा.

मृ.: "गिटारचं होईल काहीतरी. बाबांचं बघ तू."

बाबा वेळेवर जेवले. भाजी छान झाली म्हणाले. गराजमध्ये गेले नाहीत.

२८ ऑक्टोबर, बुधवार

हळद उन्हाने जाते, हे दातांमुळे माहीत आहे. आपल्या लोकांचे तात्पुरते क्राउन आठवड्यात पिवळे होऊन येतात. खिडकीत ठेवले की उतरतात. पण लेनने बजावलंय, तिला उन्हात ठेवू नकोस. सगळी गिटार पुठ्ठ्याने झाकली, डागापुरतं भोक ठेवलं. मागच्या अंगणात वीस मिनिटं सकाळी, वीस दुपारी. खुर्ची टाकून राखणीला बसलो.

बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मी बघितल्यावर आत सरकले.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

हळद गेली. पूर्ण गेली.

कुंकू नाही जात. रेघा तशाच आहेत. उलट पिवळा उतरल्यावर जास्त दिसतात.

१ नोव्हेंबर, रविवार

जे होता होता राहिलं ते लिहून ठेवतो.

पांढरे रंग मिसळणं हा माझा धंदा आहे. कुणाच्या तोंडातला कुठला दात खोटा हे त्याच्या बायकोला कळू नये, ह्याचा मला पगार मिळतो. सकाळी गराजमध्ये बसून लॅकरमध्ये पांढरा कालवला, त्यात थेंबभर पिवळा, सुईच्या टोकावर राखाडी. काचेवर तीनदा करून बघितला. तिसऱ्यांदा जुळला. वाळल्यावर लेनच काय, मीसुद्धा ओळखणार नाही.

दोन नंबरचा ब्रश. तीन रेघा. पाच मिनिटांचं काम.

बाबा कधी आत आले कळलं नाही. मांडीवर गिटार, हातात ब्रश. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"दडवतोयस?"

मी काचेवरच्या तिसऱ्या ठिपक्याकडे बघितलं.

"आमच्याकडे जॉब बिघडला की आधी फोरमनला सांगायचं. मग फाइल हातात घ्यायची," ते म्हणाले. "आधी फाइल घेतली की तो जॉब आपला राहत नाही."

तिथेच उभे राहिले. मला राग आला. डाग तुम्ही लावला आणि शिकवताय मला? मग ब्रिस्बेनच्या माणसाला काय काय लिहिलं ते आठवलं, त्याच्याखालचे एकशे चार लाइक्स आठवले आणि फार लाज वाटली. ब्रश थिनरमध्ये बुडवला.

३ नोव्हेंबर, मंगळवार

कप डेची, घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी. बाबांना घेऊन तळ्यावर गेलो, मुद्दाम दोघंच. अर्ध्या वाटेवर धीर करून म्हणालो, "दसऱ्याला मी ओरडलो ते—"

"असू दे."

"असू दे नाही. चुकलो मी. पुसून डाग मीच आत घातला."

थोडं चालल्यावर ते बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, बदकांकडे बघत.

त्यांच्या शेजारच्या मशीनवर दत्तू म्हणून एक होता, त्यांच्याच वयाचा, डावरा. हुशार कारागीर. मशीनचे दांडे, बटणं, सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी बसवलेलं. त्याचा डावा हात सवयीने फिरत्या कामावरून पलीकडे जायचा. एक दिवस गेला तो होता तसा परत आला नाही. दोन बोटं. बाबांनी मशीन बंद केलं, बाबांनीच ती रुमालात उचलली.

"त्या दिवशी घरी आलो. तू ओट्यापाशी बसून डाव्या हाताने चित्र काढत होतास. साडेतीन वर्षांचा असशील."

एवढंच म्हणाले.

मला इतकी वर्षं वाटत होतं की लोक काय म्हणतील, प्रसाद कुठल्या हाताने घेतो, असलं काहीतरी असणार. चाळीस वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात जुनाट ठरवून मोकळा झालो होतो. तेव्हा त्यांना सांगता आलं नसेल, पण मी तरी कधी विचारलं?

"मला कुठे माहीत होतं तू दात बनवशील," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, तूही कारखान्यातच येणार."

 घरी येताना बरं वाटत होतं.

८ नोव्हेंबर, रविवार

आज रात्रीपासून पंचवीस किलोमीटरही गेले. लेनला फोन केला, पुढच्या रविवारी येतो म्हणालो. डागाचं बोललो नाही. समोर सांगायचंय.

"एकटाच येतोयस?"

"वडील येतायत."

हे बाबांचं ठरलेलं. "माझ्या बोटाचं आहे ते. मी सांगणार." त्यांना इंग्लिश किती येतं, हा प्रश्न मी विचारला नाही. बेडरूममधून पाठांतर ऐकू येतं. रेवा शिकवतेय. "आजोबा, नॉट 'आय ॲम डूइंग सॉरी'." तेच वाक्य पुन्हा.

ह्या आठवड्यात रोज अर्धा तास वाजवतोय, पांढरीच, हातमोजे न घालता. पाच गाण्यांपैकी एक नीट यायला लागलंय. आवाजाच्या बटणांमधली खरखरही कमी झाली. न वाजवल्यामुळेच होती बहुतेक.

१४ नोव्हेंबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

चकल्या मोडल्या, तरी संपल्या. कुंकवाची वाटी पुढे आली तेव्हा बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही हसलो. मृ. म्हणाली, "हसताय काय दोघं, उद्या जायचंय."

 लेनने नाही म्हटलं तर ही गिटार मला परत कधी दिसणारसुद्धा नाही. आणि त्याच्याकडून पुढे कुठली नांदायलाही येणार नाही. सात वर्षं.

१५ नोव्हेंबर, रविवार

रिंग रोडवरून पॉइंट कुक. पाच महिन्यांनी हायवे. बाबा मास्कमध्ये, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर करंज्यांचा डबा.

लेन मागच्या अंगणात बसला होता, वॉकर बाजूला. बराच वाळलाय. मुलगी चहा ठेवून आत गेली. डबा टेबलावर ठेवला, त्याने उघडला, पांढरी उचलून सुलटी केली. हात थरथरतात, पण तिला धरल्यावर नाही थरथरले.

त्याला लगेच दिसलं. मी सांगायच्या आधीच. अंगठा रेघांवर ठेवला.

मी सगळं सांगितलं. पूजा, तेल, मी घासलं ते, ऊन, कालवलेला रंग, न लावलेला रंग. रोज वाजवतो म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगून टाकलं. मग बाबा उठून उभे राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. "माय हँड," म्हणाले. "माय मिस्टेक. इन अवर फॅक्टरी, वन डे, मशीन रेस्ट. वी से थँक यू. टू मशीन."

लेनने रेघांवरून पुन्हा अंगठा फिरवला. शेजारी कुणीतरी गवत कापत होतं.

"म्हणजे तिला एक दिवस सुट्टी मिळाली?" त्याने मला विचारलं.

मी बाबांना सांगितलं. "येस," बाबा म्हणाले. "वन डे."

"मी तिला शनिवारची कधी सुट्टी दिली नाही," लेन म्हणाला. "वीस वर्षं डान्स हॉलमध्ये." मग चेहरा पुन्हा गंभीर झाला. "पण मी म्हटलं होतं, जशी आहे तशी."

"हो."

"वाजव."

गिटार माझ्याकडे दिली, खिशातून तारा छेडायची पिक काढून पुढे केली. मी घाबरलो होतो. समोरून कुणी काही दिलं की मी घेतो त्याच हाताने घेतली, उजव्या. गिटार डावी, पिक उजव्या हातात, आणि मला पुढे काय करायचं ते सुचेना.

बाबा शेजारीच होते. त्यांनी माझ्या उजव्या हातातून पिक काढली आणि डाव्यात दिली. एक शब्द न बोलता. पेन्सिल द्यायचे तशीच, चिमटीत धरून. मग बोटं मिटवली माझी.

पहिल्या दोन ओळी मी वाजवल्या की नाही, आठवत नाही. डोळे भरून आले होते आणि मास्क लावून नाक पुसता येत नाही. मग हात चालायला लागला. एक जागा चुकली. लेन माझ्या हाताकडे बघत होता, रेघांकडे नाही.

संपल्यावर तो म्हणाला, "तिला सध्या इथेच राहू दे. मी फोन करतो."

एवढंच. रागाने म्हणाला की कसं, मला सांगता येणार नाही. निघताना बाबांचा हात धरून ठेवला बराच वेळ. नियमात बसत नाही ते. करंज्या ठेवून घेतल्या.

येताना मागची सीट रिकामी.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

फोन नाही. लॅब पूर्ण आठवडा सुरू झाली. बाबांचं पाच डिसेंबरच्या विमानात नाव लागलं, मुंबईपर्यंत. रेवाने जेवणाच्या ताटावर डोकं ठेवलं. गराजमध्ये दिवसभर ठोकाठोक.

२२ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी सकाळी गराजमध्ये बोलावलं. "शेल्फ झालं."

डबा. गिटारचा. प्लायवूडचे कोपरे इतके नीट जुळवलेले की नख जात नाही. पितळी कड्या. आत मृ.चा जुना निळा ड्रेसिंग गाउन अस्तराला. कापताना तिला विचारलं होतं, माझ्याशिवाय घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि मधला खळगा डावरा. पांढरी सुलटी निजेल असा. मी हात घालून बघितला, खांद्याची वळणं आरशात बघितल्यासारखी, तंतोतंत.

"माप कधी घेतलंत?"

"सप्टेंबरात. तू लॅबला गेलास की. तुझे हातमोजे घालून, तीनदा."

"आणि पूजेला हातमोजे का नाही घातलेत?"

"पूजा हातमोजे घालून करतात का?"

मी खळग्यातून पुन्हा हात फिरवला.

उलटा खळगा कापायला वेळ लागला म्हणाले, हाताला सवय नाही. दोन फळ्या वाया गेल्या, त्याही दाखवल्या. दोन्हींवर खळगा उजवा.

"फोन आला का?"

"नाही, बाबा. आणि आता येईलसं वाटत नाही. एवढं केलंत, आणि गिटार तिकडे."

बाबांनी पितळी कडी बोटाने दोनदा वरखाली करून बघितली.

"मग डबा तिकडे नेऊन दे," ते म्हणाले. "गिटार कुणाकडे का राहीना. सुलटी राहू दे तिला."

सरस अजून ओला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत झाकण लावायचं नाही, असं बजावलंय. मंगळवारी लॅबवरून परस्पर पॉइंट कुकला जाईन.